सरळ रेघ दाखवणारा मॉनिटर

आमच्या घरात दोघांना स्वस्थ बसणं कधी जमलं नाही, मला आणि आप्पांना. अव्वा म्हणायची, "बापलेकीच्या पायाला भिंगरी, आन् चक्कर मला." आमचं मूळ घर सीमेकडचं, म्हणून आई अव्वा आणि वडील आप्पा. मी मात्र वाढले शिवाजी पेठेत, भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि माझा चिडका स्वभाव अस्सल पेठेतला आहे.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना गणित शिकवत होते. फळ्यासमोर मी अशा येरझाऱ्या घालायचे की मुलांच्या माना दुखायच्या. प्रश्नपत्रिका टाइप करायला एक जुना लॅपटॉप घेतला होता. तो आप्पांनी ताब्यात घेतला आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

आप्पा उद्यमनगरातल्या एका पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सगळी हयात ड्रॉइंग बोर्डापुढं उभ्यानं गेली. त्यांच्या डोळ्याचा कारखान्यात दरारा होता. एकदा म्हणे दारातून आत येता येता ते थबकले, नुकत्याच आलेल्या ओतकामाकडं बघून म्हणाले, "ह्याची बैठक तिरकी हाय." फौंड्रीवाल्यानं शपथा घेतल्या. मोजलं तर केसभर तिरकी निघाली. ही गोष्ट मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि सांगणाऱ्यागणिक तो केस आणखी बारीक होत गेला आहे. आप्पा उजवा डोळा मिटायचे, डाव्यानं नेम धरल्यासारखं बघायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर कुणी अपील करत नसे.

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांत त्यांनी गल्लीला सळो की पळो करून सोडलं. शेजाऱ्यांची दारं रंधली, खिडक्या ओळंब्यात आणल्या, अव्वाचं पोळपाट डुगडुगतं म्हणून त्याचे पाय तासले. पाय तासून झाल्यावर ते दुसऱ्या बाजूनं डुगडुगायला लागलं तेव्हा अव्वानं लाटणं उगारलं. काम नसलेले आप्पा आम्हाला झेपत नव्हते. खरं म्हणजे त्यांना स्वतःलाच झेपत नव्हते. ते पहाटे उठून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि मग शर्ट घालून जायला आता ठिकाणच नाही हे त्यांना आठवायचं.

अशात मालकांचा निरोप आला. कारखान्यातली सगळी जुनी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर घ्यायची होती. मालक म्हणाले, "तुम्हीच करा. न्हाई जमलं तर राजारामपुरीतलं एक ऑफिस करून देतंय, तसं सांगा." त्या 'न्हाई जमलं तर'नं आप्पांच्या मस्तकात तिडीक गेली. साठीला टेकलेला माणूस पोरासोरांच्या क्लासमध्ये जाऊन बसला आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की लॅपटॉप दिला आणि माझ्या प्रश्नपत्रिका हातानं लिहायला लागले. पहिला गठ्ठा दिवाळीच्या आत द्यायचा होता.

लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी तक्रार आली. "ह्यावर रेघ धड दिसत न्हाई."

मी समजावलं, "आप्पा, पडदा बारक्या ठिपक्यांचा असतो. तिरकी रेघ जिन्यासारखी दिसणारच."

"तिरकी न्हाई. सरळच रेघ. मधी पोट आलंय तिला."

मला बॅचला उशीर होत होता. लॅपटॉपचा पडदा वहीएवढा, वय झालेला माणूस, डोळ्यांना ताण येत असणार, असं मी ठरवून टाकलं. मोठा मॉनिटर घेऊन लॅपटॉपला जोडला की झालं. लॅपटॉपच्या मागं तशी जागा असते हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीचा मला फार उत्साह येतो.

चपटे, पातळ मॉनिटर नुकते दुकानांत दिसायला लागले होते, पण त्यांच्या किमती ऐकून मी पायरीवरूनच मागं फिरायचे. मग दुधाची तहान ताकावर. एक सायबर कॅफे बंद पडला होता, तिथले जुने खोकेवाले मॉनिटर स्वस्तात निघत होते. त्यातला सतरा इंची मी उचलला. उचलला म्हणजे रिक्षात मांडीवर घेतला. घरी पोचेपर्यंत दोन्ही पाय बधिर झाले आणि मी उतरून गल्लीत लंगडत चालले.

आप्पांनी जोडणी केली, चालू करताना थण्णकन आवाज झाला, अव्वा दचकली. आप्पांनी एक आडवी रेघ काढली. उजवा डोळा मिटला. "पोट हाय की."

कॅफेवाला सभ्य होता, तो घरी आला. मॉनिटरच्या खालच्या बटणांनी त्यानं चित्र ताणलं, दाबलं, कडा आत घेतल्या, बाहेर काढल्या. म्हणाला, "काका, मला तर सरळ दिसतीया." आप्पा नुसते हसले. मग त्यानं पुन्हा वाकून बघितलं, मान तिरपी केली आणि म्हणाला, "व्हय की, हाय जरासं."

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला ते पोट दिसायला लागलं. शेजारच्या काकूंना दिसलं, गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांना दिसलं. मलासुद्धा दिसलं! सरळ रेषेची व्याख्या रोज घसा फोडून सांगणारी मी, त्या रेघेकडं टक लावून बघत बसले आणि थोड्या वेळानं मला ती मधे फुगल्यासारखी वाटली. आप्पा चुकतील हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

तो मॉनिटर परत गेला. दुसरा आणला, सपाट काचेचा, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या एका दुकानातून. त्यालाही पोट. दुकानदार म्हणाला, "पावणं, नवीन पिक्चर ट्यूब हाय, अजून सीलबी मोडलं न्हाई." आप्पा म्हणाले, "मग कंपनीतनंच वाकडी आलीया." मी क्लास सुटला की दुकानं पालथी घालायचे. दुकानात गेलं की आधी एक रेघ काढून बघायचे, मग किंमत विचारायचे, मग पुढच्या दुकानात. झोपेतही मला काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा दिसत होत्या. दिवाळी जवळ येत होती आणि गठ्ठ्यातला एकही कागद हलला नव्हता.

अव्वानं एकदा भाकरी थापता थापता सुनावलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

आप्पा ताटावरून उठले. अव्वाच्या तोंडावर लगेच पश्चात्ताप दिसला, पण बोललेलं परत घेण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. तिनं त्यांच्या ताटातली भाकरी झाकून ठेवली.

शेवटी मी भिशी उचलली. ती मी स्कुटीसाठी ठेवली होती. चपटा मॉनिटर घेतला, त्यातल्या त्यात स्वस्त, पण नवा कोरा. खोक्यातून काढला तेव्हा तो इतका हलका लागला की फसवलं की काय असं वाटलं. टेबलावर ठेवला, जोडला. पडदा पाटीसारखा सपाट, कुठं फुगवटा नाही, कडा स्वच्छ. मला खरंच आनंद झाला. मी म्हटलं, "काढा आता."

आप्पांनी रेघ काढली. उजवा डोळा मिटला. बराच वेळ बघितलं.

"पोट हाय," ते हळू म्हणाले.

माझा तोल गेला. मी ओरडले. स्कुटी, भिशी, रिक्षा, पाय बधिर झाले ते, सगळं काढलं. त्यांच्या पेटीतली पोलादी पट्टी घेतली, ज्या पट्टीला ते मला लहानपणी हात लावू देत नसत ती, आणि पडद्यावर रेघेला चिकटवून धरली. "बघा! पट्टीला लागून चाललीय रेघ. कुठंय पोट?"

आप्पा पुढं वाकले. उजवा डोळा मिटलेलाच होता. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी बघितलं.

"पट्टीबी वाकडी हाय," ते म्हणाले.

अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली.   मी म्हटलं, "आप्पा, दुसरा डोळा मिटा."

त्यांना ते जमेना. आयुष्यभर उजवाच मिटलेला, डावा एकटा मिटायची सवय नव्हती. शेवटी त्यांनी डाव्यावर तळहात ठेवला. बघितलं. हात काढला. परत ठेवला. मग पट्टी माझ्या हातातून घेतली, शर्टाला पुसली आणि पेटीत जागेवर ठेवली.

राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याच्या आतला मधला भाग खराब झाला आहे, गेलेलं परत यायचं नाही, उजव्यावर लक्ष ठेवायचं. चौकटीचौकटींचा एक छापील कागद दिला. रोज सकाळी एकेका डोळ्यानं त्याकडं बघायचं, उजव्यालाही चौकटी वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं. आप्पा म्हणाले, "ग्राफ पेपर हाय की हा. माझ्याच धंद्यातला." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, मला रडू येत होतं आणि ते दाबण्यासाठी मी डॉक्टरांशी फीवरून वाद घातला.

मग आप्पा घरात नुसते बसले. ज्याची आम्हाला भीती होती तेच झालं. शर्ट घालेनात, पेपर उघडेनात, शेजारचं दार करकरलं तरी उठेनात. मी त्यांच्याभोवती घिरट्या घालायचे. नवा मॉनिटर टेबलावर काळा ठिक्कर उभा होता आणि त्याच्याकडं बघून मला चीड यायची.

एका दुपारी न राहवून मी त्यांच्यासमोर गणित मांडलं. "आप्पा, दोन बिंदू दिले की त्यांच्यातून सरळ रेघ एकच जाते. कॉम्प्युटरला आकडे द्या, तो सरळच काढतो. ती तुम्हाला कशी दिसते हा प्रश्नच नाही."

"म्हंजे न बघता काढायची?"

"आकडे बघून काढायची. उजवा डोळा आहे ना."

"तसं तर कुणीबी काढंल," ते म्हणाले.

 मी क्लासला निघून गेले आणि त्या दिवशी मुलांवर विनाकारण खेकसले.

संध्याकाळी परत आले तर मॉनिटर चालू होता. अव्वानं डोळ्यांनीच मला खुणावलं, बोलू नकोस. आप्पा डाव्या डोळ्यावर पांढऱ्या रुमालाची घडी बांधून बसले होते आणि जुन्या ड्रॉइंगच्या निळ्या कागदावरचा एकेक आकडा बघून एका बोटानं टाइप करत होते. रेघा सरासर उमटत होत्या. त्यांना त्याचा आनंद होत होता असं मी म्हणणार नाही. दात काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखे ते बसले होते, पण बसले होते.

दिवाळीच्या तोंडावर गठ्ठा संपला. मी दुपारच्या बॅचला निघाले होते, पायात चप्पल होती. आप्पांनी हाक मारली. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, काढलं कुणी आणि तपासलं कुणी, एवढ्यासाठी. काढणाऱ्याच्या जागी आप्पांची आद्याक्षरं होती. कारखान्यात तपासणाऱ्याची जागा मालक न बघताच भरायचे. आप्पांचं ड्रॉइंग तपासायचं म्हणजे त्यांचा अपमान करायचा. आता त्या जागी माझी आद्याक्षरं टाइप केलेली होती.

"आप्पा, मला ह्यातलं काय कळतंय? कुठलं भोक कशासाठी तेसुद्धा माहीत नाही."

"मग शीक की. आन् आधी खाली बस. उभ्याउभ्यानं न्हाई हुत हे."

"बॅच आहे माझी."

"असूदे."

मी चप्पल काढली आणि त्यांच्या खुर्चीत बसले. ते माझ्या मागं उभे राहिले. म्हणाले, वरून सुरू कर, पडद्यावरचा एकेक आकडा मोठ्यानं वाच. मी वाचायला लागले. बाहेरचा व्यास, आतला व्यास, काठाची जाडी, भोकांमधलं अंतर. ते प्रत्येक आकड्याला हुंकार देत होते. मी अधूनमधून घड्याळाकडं बघत होते, मुलं येऊन बसली असतील, क्लासचे सर चिडले असतील.

"बैठकीची उंची तेहतीस," मी वाचलं.

हुंकार आला नाही.

"परत वाच."

"तेहतीस."

"चुकलंय. अडतीस पायजे. माझ्याच हातनं चुकलंय."

मी टेबलाखालच्या भेंडोळ्यातून तो जुना निळा कागद शोधून काढला, उलगडला आणि बोट ठेवत ठेवत बैठकीपाशी आले. रेघा फिक्या झाल्या होत्या, पण आकडा स्पष्ट होता. अडतीस.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले.

मी मागं वळले. त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते.