बॉनेटवरचा डाग

वडिलांना काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात मी मोटारीची प्रतिकृती करायला घेतली.

मोटार म्हणजे आजोबा ज्या सरदारांकडे कारकून होते, त्यांची. पितळी दिव्यांची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची, वडिलांच्या लहानपणीसुद्धा जुनाट झालेली. दसऱ्याला तेवढी बाहेर निघायची. आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे, काडेपेटीएवढा. पायरीवर लहानगे वडील उभे आहेत. ती गाडी त्यांना एकदा पुन्हा बघायची होती. नजर आहे तोवर ती पुरी करायची, एवढंच मी ठरवलं होतं.

त्याच बनावटीच्या गाडीचा आराखडा इंटरनेटवर मिळाला. एकास दहा प्रमाण धरलं. लांबी छत्तीस सेंटिमीटर आली. पितळी पत्रा फ्रीगंजच्या बाजारातून आणला, आरे सागवानाचे केले. ऑफिसातून आलो की बाल्कनीतल्या टेबलाशी बसायचो. इथे अर्धा मिलिमीटर चुकला तर खऱ्या गाडीत तो पाच होतो, असं मी बायकोला समजावलं.

"अहो, पण बसणार कोण आहे त्या गाडीत?" ती म्हणाली.

रंग दिल्यावर वडिलांना दाखवली. खिडकीशी धरून, मान वाकडी करून, त्यांनी ती एका डोळ्याने पुष्कळ वेळ पाहिली.

"एकदम वही! तीच गाडी. पण बॉनेटवर काहीतरी राहिलंय रे."

"काय राहिलंय?"

"याद नाही येत. पण होतं. इथं." त्यांनी डाव्या बाजूला बोट ठेवलं.

मी फोटो भिंगाखाली घेतला. त्या जागी नुसता काळपट डाग होता. ओल लागून पडला असणार. मग बिजागऱ्या चुकल्या असतील म्हणून बॉनेट उघडलं. हवेच्या फटी पुन्हा मोजल्या. शेवटी ते काढून नवीनच करायला घेतलं.

"दे की आता इकडे," वडील म्हणायचे.

"बाबा, बॉनेट बरोबर होऊ द्या."

"अरे भाई, मी काय चालान फाडणार आहे का?"

पावसाळा संपत आला होता. एका सकाळी त्यांनी विचारलं, "आज ढग आलेत का?" बाहेर लख्ख ऊन होतं. त्यानंतर त्यांना उजेड-अंधाराइतकंच कळू लागलं.

दसऱ्याला बायको खाली स्कूटरची पूजा करत होती. मी बाल्कनीत बॉनेट बसवत होतो. सहज खाली पाहिलं. तिने तुपात कुंकू कालवून स्कूटरच्या तोंडावर स्वस्तिक काढलं होतं. एवढ्या वरून ते स्वस्तिक वाटेना, काळपट डाग वाटला. तसाच डाग, तेवढाच. मी तो जुना फोटो पुन्हा बघितलाही नाही.

तिच्या वाटीतलं कुंकू मागून आणलं आणि काडीने बॉनेटच्या डाव्या बाजूला पंधरा मिलिमीटरचं स्वस्तिक काढलं. मोटार वडिलांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी दिवे चाचपले, चाकं फिरवली, मग हात बॉनेटवर आला.

"बाबा, ओलं आहे," मी म्हणालो, पण तोवर बोट फिरलं होतं.

त्यांनी ते नाकाशी नेलं.

"तुपातलं कुंकू. हेच रे! आई लावायची. मी ताट धरायचो." मग चेहरा माझ्याकडे वळवून म्हणाले, "कसं दिसतंय?"

स्वस्तिक फरफटलं होतं. नुसता लालसर डाग उरला होता.

"फोटोतल्यासारखं," मी म्हणालो.