बॅनरवरची मुलगी

चर्चच्या आवारातला दवाखाना नर्सबाईंच्या हातात होता. डॉक्टर अधूनमधून येत, तेही रस्ता बरा असला तर. एरवी ताप, जुलाब, बाळंतपण, कुत्रा चावलेला माणूस, सगळं त्यांच्याच गळ्यात. बाई तोंडानं फटकळ, पण हाताला हलक्या. इंजेक्शन टोचून झालं तरी माणूस डोळे घट्ट मिटून वाट बघत बसलेला असे, आणि मग बाई म्हणत, "उठा, का मुक्कामाला आलात?"

त्या वर्षी परदेशातल्या एका चर्चची मंडळी आली. दवाखान्याला लागून बाळंतिणींसाठी खोली बांधून द्यायची, असं ठरवूनच आली होती. पहिला दिवस स्वागतात गेला. प्रवासानं आणि उन्हानं पाहुणे लालबुंद झाले होते, तरी भेटेल त्याच्याशी हसत होते. चर्चचे पाळकसाहेब मुलीच्या बापासारखे त्यांच्या मागेपुढे करत होते. मंडळींची म्होरकी एक म्हातारी बाई होती, रुंद काठाची टोपी घातलेली. तरुणपणी एकदा ती इथे येऊन गेली होती म्हणे. तिनं जुना रस्ता ओळखला, पाण्याची टाकी ओळखली आणि दोन्ही वेळा डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या तेव्हा दवाखान्याच्या दारावर भलामोठा बॅनर लागलेला होता. त्यावर एका लहान मुलीचा फोटो. डोक्याचा चकोट केलेला, तोंड रडून वेडंवाकडं, नाक वाहतंय, फ्रॉक एका खांद्यावरून घसरलेला. हाच फोटो पाहुण्यांच्या शर्टांवरही छापलेला होता.

नर्सबाई किल्ली हातात धरून उभ्याच राहिल्या. फ्रॉक रेघारेघांचा होता आणि पुढे पुरुषी शर्टाची मोठी बटणं होती. मामाचा जुना शर्ट कापून आईनं तो शिवला होता. डाव्या भुवईतली खोक तर त्या रोज आरशात बघत होत्या. खाली पाहुण्यांच्या भाषेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "ती उपाशी आहे. तुम्ही काय करणार?" ती भाषा बाई नर्सिंगच्या शाळेत शिकल्या होत्या, त्यामुळे न समजल्याचं सोंगही घेता येईना.

त्यांनी दार उघडलं आणि रांग सुरू झाली. एक आजी बॅनरकडे बघत चुकचुकल्या. "बिचारं लेकरू. कुणाचं असेल हो?"

"कुणाचं का असेना, कुणीतरी नाक पुसायला हवं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "जीभ दाखवा."

दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. घर म्हणजे आवाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. गुडघ्यांनी बेजार झालेली आई दाराशीच खुर्ची टाकून बसली होती.

"आई, बॅनर बघितलास?"

"बघितला की. तुझं टक्कल माझ्याच हातचं, मी नाही ओळखणार?" आई हसायला लागली. "काय उवा झाल्या होत्या तुला. शाळेतून निरोप आला, पोरीला घरी ठेवा. मग तुला मांडीत दाबून धरलं आणि केलं सफाचट. अर्धं झाल्यावर फ्रॉक फाडून पळालीस, परत धरून आणली. मोकळी झालीस तशी बोंबलत रस्त्यावर. तिथं एक परदेशी पोरगी कॅमेरा घेऊन उभी. मला वाटलं, कौतुकानं काढतेय."

"खाली काय लिहिलंय माहीत आहे?"

बाईंनी सांगितलं तसं आईचं हसू जागच्या जागी थांबलं.

"उपाशी?" ती म्हणाली. "त्या दिवशी तर तुझी समजूत काढायला तुला गूळ दिला होता. माझ्या वाटणीचाही."

मग म्हणाली, "जाऊ दे. त्यांच्या मदतीनं शाळेवर छप्पर आलं, तू शिकलीस. मिंधेपणात एवढं चालायचंच." पण बोलता बोलता ती भिंतीला धरून उठली आणि न विचारताच लेकीच्या ताटात आणखी भात वाढला. मग आणखी वाढला. नर्सबाईंनी तो सगळा संपवला, हात धुतला आणि त्या थेट पाळकसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, तो बॅनर उतरवायचा."

कारण ऐकून पाळकसाहेब खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, पण कशालाही घाबरे. "परवा पायाचं खोदकाम, आणि आजच कुठं माशी शिंकवता? पाहुणे गेले की बघू."

"पाहुणे गेले की बॅनरही जाईल. मग तो दुसऱ्या कुठल्या दारावर लागेल, ते मला कळणारसुद्धा नाही."

"बाई, आपला हात दगडाखाली आहे."

"हात तुमचा असेल, साहेब. बॅनरवर तोंड माझं आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी टोपीवाली आजी झाडाखाली बुटांचे बंद बांधत होती. नर्सबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची परकी भाषा पुस्तकी होती, वाक्य मनात जुळवूनच बाहेर काढावं लागे. त्या म्हणाल्या, "फोटोतली मुलगी मी आहे."

आजीनं बंद तसेच सोडले. मग तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. "तू जिवंत आहेस," ती म्हणाली. "तो फोटो मीच काढला. तेव्हापासून मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. रोज."

याची नर्सबाईंनी तयारी केली नव्हती. क्षणभर वाटलं, खरंच जाऊ द्यावं. पण मग आईचं ते थांबलेलं हसू आठवलं, आणि त्यांनी उवांपासून टकलापर्यंत सगळं सांगितलं. उवांसाठी शब्द आठवेना तेव्हा डोकं खाजवून दाखवलं.

"पण तू रडत होतीस," आजी म्हणाली.

"केस गेले म्हणून."

"या फोटोनं किती लोकांची मनं हलली, तुला कल्पना नाही."

"हलली असतील. तुमचे उपकार मी नाकारत नाही. पण त्या सगळ्यांना वाटतं, या मुलीला कुणी जेवू घातलं नाही. घालणारी बाई या भिंतीपलीकडे राहते."

आजीनं हात सोडले. चेहरा उतरला. "मी वाईट मनानं केलं नव्हतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मला विचार करू दे," एवढं बोलून आजी निघून गेली.

नर्सबाईंनी रांग निपटली, भांडी उकळत ठेवली आणि गवंड्याकडून शिडी मागून आणली. कुणी उतरवो न उतरवो, आपण उतरवायचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दोन पायऱ्या चढल्या तोच शिडी हलायची थांबली. खाली टोपीवाली आजी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती.

बॅनरची घडी घालून दोघी घरी गेल्या. आजीनं आईची माफी मागितली, ती बाईंनी भाषांतर करून सांगितली. आईनं डोळे बारीक करून पाहुणीकडे बघितलं.

"तिला सांग, फोटो झकास आलाय. तेवढं खालचं लिहिणं खोटं." मग म्हणाली, "आणि विचार, जेवलीय का."

आजी जेवली नव्हती. आईनं तिला समोर बसवून वाढलं, आणि ताट रिकामं होईपर्यंत उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाया खोदायला मंडळी आली ती शर्ट उलटे घालून. एका तरुणानं मात्र सुलटाच ठेवला. तो फोटो बघूनच मी आलो, असं म्हणत तो नर्सबाईंशी बोलेना. पुढे कुदळीनं तळहात सोलले तेव्हा मुकाट्यानं रांगेत येऊन उभा राहिला. बाईंनी मलम लावलं आणि त्याला कसला टोमणा मारला नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

भिंती उभ्या राहिल्या आणि पाहुणे गेले. त्यानंतर मदत रोडावली. आजीनं आपल्या चर्चमध्ये उभं राहून खरं सांगितलं, तर काहींना ते रुचलं नाही, आणि छपराचं रेंगाळलं. पाळकसाहेब म्हणाले, "मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत खरं," नर्सबाई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या. ज्या ज्या घरात त्यांच्या हातून बाळ जन्माला आलं होतं, त्या घरांची दारं त्यांनी वाजवली. कुणी पडक्या गोठ्याचे पत्रे दिले, कुणी वासे, सुतारानं अंगमेहनत. सुताराच्या बायकोचे दिवस भरत आले होते, त्यामुळे त्याला फार समजवावं लागलं नाही.

पत्रे सगळे एका मापाचे नव्हते. एका कोपऱ्यात कमीच पडले, तिथे ताडपत्री बांधली. त्याच आठवड्यात सुताराची बायको कळा देत आली. नर्सबाईंनी खाट ताडपत्रीपासून दूर, पक्क्या पत्र्याखाली सरकवली, सुताराला बाहेर काढलं आणि सांगितलं, "नुसत्या येरझारा घालू नका. खिडकीला अजून कडी नाही, ती बसवा."