आधी पुंगळी उचलायची

उद्या मी माझ्या नवऱ्याला इथे टाकून गावी चालले आहे.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर मुलीने मला तिच्या व्हिसावर ठेवलं. आता तिला दुसऱ्या देशात नोकरी लागली. इथला, बहरीनमधल्या सनद भागातला फ्लॅट रिकामा केला.

सगळं पॅक झालं. ह्यांची काडतुसं सोडून.

घाबरू नका, सगळी रिकामी आहेत. भरलेलं एकही कधी घरात आलं नाही.

बंदुकीची जुनी काडतुसं. कागदाची नळी, बुडाला पितळ. शुक्रवारी जुन्या बाजारात फिरून, म्हाताऱ्या बहरिनी शिकाऱ्यांकडे मागून आणलेली. त्यांच्या बुडावरची अक्षरं लावत लावत मी इंग्रजी वाचायला शिकले. शाळा माझी चौथीतच सुटली होती.

मी चिडवायचे, "लोकांचे नवरे सोनं जमवतात."

"सोनं चोर नेतो. हे कोण नेणार?"

आता मलाही नेता येत नाही. रिकामं का असेना, बॅगेत एक सापडलं तरी एअरपोर्टवर पोलीस केस.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला ह्यांचं लेक्चर ठरलेलं. रिकामं काडतूस दारू-छर्रे घालून घरीच पुन्हा भरलं, तर दुकानातल्यापेक्षा निम्म्यात पडतं.

कोणीतरी म्हणायचंच, "मग पैसे वाचतात की!"

"कसले वाचतात? स्वस्त पडलं की माणूस दुप्पट बार काढतो. वाचले फक्त माझ्या बापाचे. त्याच्याकडे दुसऱ्या बाराची दारूच नसायची!"

माझे सासरे, अब्बा, दापोलीकडे शेती करायचे. भातात रानडुकरं शिरायची. आम्हाला ती खायची नव्हती, नुसती हाकलायची. अब्बांकडे लायसनची बंदूक होती आणि थोड्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या नळ्या. कागदी नळी दोन-चारदा भरली की तोंडाशी फाटते. पितळेची बापानंतर मुलाला पुरते.

बार झाला की बाकीचे डुकरामागे धावायचे. अब्बा मात्र वाकून गवतात पुंगळी शोधत बसायचे.

"आधी पुंगळी उचलायची, बाकी मग. रिकामी झाली म्हणून रानात टाकून यायची नाही."

हे मला ह्यांनी इतक्यांदा सांगितलं की मी मध्येच म्हणायचे, "खलास, पाठ झालं!"

परवा मुलगी म्हणाली, "अम्मी, जस्ट लीव्ह इट. दे आर एम्प्टी."

मला गेल्या वर्षीचं आठवलं.

मय्यत गावी न्यायची का, लोकांनी विचारलं होतं. कागदपत्रं करतो म्हणाले. मीच म्हटलं, इथेच दफन करा. मुलगी इथे, मी इथे. गावी कबरीवर कोण जाणार?

आता इथे कोण जाणार?

काल ह्यांचे दोस्त अबू खालिद आले. म्हातारे बहरिनी शिकारी, निम्मी काडतुसं त्यांनीच दिलेली. मीच फोन करून बोलावलं होतं. एकेक डबा उघडून बघितला. एक लाल काडतूस हातात धरून हसले. "ये मेरा था. युसूफ बहोत दिन पीछे पड़ा, तब दिया."

डबे गाडीत ठेवून परत आले, दारातच उभे राहिले. मुलीच्या नावावरून ते मला उम्म सारा, साराची आई, म्हणतात.

"तुम जाओ, उम्म सारा. जुम्मा को मैं जाता है कबरस्तान, मेरा बेटा उधर है. युसूफ के पास भी खड़ा रहेगा. मफी मुश्किल, कोई तकलीफ नहीं."

परका माणूस इतक्या सहज म्हणाला, आणि मला मान वर करवेना.

गावी माळ्यावर अब्बांची एक पितळी पुंगळी अजून आहे. घर उघडलं की आधी ती खाली काढीन. तेवढंच माझ्या हातात आहे.

अब्बांनी तुम्हाला शिकवलं, तुम्ही मला. ऐन वेळी मी बॅगा उचलल्या.

माफ करा.

अल्लाह तुमची मगफिरत करो, तुमचे गुन्हे माफ करो.

अहो, येते.