वरून जाळीचं कॅबिनेट

कॅबिनेट उघडं होतं, मशीन चालू होतं आणि बायको बाजूच्या स्टुलावर बसून गवार मोडत होती. मशीन म्हणजे कॉम्प्युटर, एका क्लासवाल्याचा. मी म्हटलं, "झालं काम. बंद करतो."

तिने मान वर केली नाही. "झाला नाय. पंखो कुरकुरता."

"मला काय ऐकू येत नाही."

"कान तुमचे गेलेत. मशीनीचो काय दोष?"

मी पंखा बदलला. ती परत कान देऊन बसली, मग म्हणाली, आता बरा. हात पुसले, कुंकवाची डबी काढली. माझा फोन वाजला म्हणून मी दाराशी गेलो. परत आलो तोवर मशीनची पूजा झाली होती आणि ती गवार पिशवीत भरत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्याच आठवड्यात ती गेली. झोपेत. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत.

माझा धंदा कॉम्प्युटर जोडायचा आणि दुरुस्त करायचा. घाटकोपरला भटवाडीत गाळा आहे. शाळा सातवीपर्यंत. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग लोकांनी कॉम्प्युटर आणले तसा मीही त्यात शिरलो. नवीन मशीन जोडलं की आमच्याकडे ते दिवसभर चालू ठेवायची पद्धत आहे. त्याला टेस्टिंग म्हणतात. जो पार्ट मरायचा असेल तो दुकानातच मरू दे, गिऱ्हाइकाच्या घरी नको. खराब व्हायला लागलेला पार्ट पुष्कळदा आधी आवाज करतो. तो आवाज बारीक असतो. मला तो ऐकू येणं बंद झालं, तेव्हापासून टेस्टिंगला ती बसायची. भाजी निवडायची, माझी अक्कल काढायची आणि ऐकायची. ती पास म्हणाली की मशीनला हळदकुंकू, वर अक्षता, मग डिलिव्हरी.

ती गेल्यावर मी नवीन मशीन जोडायचं सोडलं. केबल बदल, विंडोज टाक, एवढंच. मुलगा बोरिवलीला राहतो. तो म्हणाला, "बाबा, गाळा भाड्याने द्या, इकडे या." मी म्हटलं बघू.

तेवढ्यात सायली आली. मुलुंडची मुलगी, मरोळच्या एका ऑफिसात कामाला. क्लासवाल्याने पाठवली होती.

"काका, गेमिंग पीसी पाहिजे. पन्नास हजार. त्याच्यावर एक रुपया नाही."

"एवढं काय खेळतेस?"

तिने सांगितलं. गेम खेळणाऱ्यांच्या टीम असतात, त्यातली एक टीम महिन्याला पगार देणार होती. शनिवारी संध्याकाळी सहाला ट्रायल. आपल्या घरून, आपल्या मशीनवर. मागच्या ट्रायलला तिचा लॅपटॉप मधेच बंद पडला होता. टीमवाले म्हणाले, परत एकदा बघू, त्यानंतर नाही.

मी म्हणणार होतो, दुसरं दुकान बघ. पण ती स्टुलावर बसली होती. त्या स्टुलावर तेव्हापासून कोणी बसलं नव्हतं. मी म्हटलं, "दाखव काय काय पाहिजे."

तिने मोबाइल पुढे केला. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे लाइट.

"लाइटने नेम लागतो काय?"

"नाही. पण भारी दिसतं ना काका."

"तुला खेळायचंय का दाखवायचंय?"

"दोन्ही," म्हणाली. निदान खरं बोलली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोसेसर हिशेब करतो. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, जेवढा मोठा तेवढं एका वेळी मांडता येतं. एसएसडी म्हणजे फडताळ, सामान ठेवायचं. मदरबोर्डवर हे सगळं बसतं. आणि एसएमपीएस म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारा डबा. गेमच्या मशीनमध्ये कार्ड सगळ्यात जास्त पैसे खातं, म्हणून कमी पैशात मशीन करायचं तर बाकीच्यांना उपाशी ठेवावं लागतं. कोणाला किती उपाशी ठेवायचं, तेवढंच आमचं कसब.

यादीतून लाइट कापले. काच कापली, बाजूला साधा पत्रा. प्रोसेसर मागच्या पिढीचा घेतला, त्याच्याबरोबर खोक्यात फुकट मिळतो तोच पंखा ठेवला. वरून मात्र जाळीचं कॅबिनेट घेतलं, गरम हवा वर जाते म्हणून. एसएमपीएसवर ती म्हणाली, "हा स्वस्तातला चालेल ना?"

"चालेल. एक दिवस जळेल, जाताना बाकीच्यांना घेऊन जाईल."

"मग नको."

तरी कार्डाला पैसे पुरेनात. अंधेरीला एक गेमिंग कॅफे बंद झाला होता, त्यांची कार्डं विकायला होती. सेकंडहँड, गॅरंटी काही नाही. असली कार्डं दिवसरात्र घासलेली असतात. वरून चकचकीत, आत काय कोणाला ठाऊक. मी तिला सरळ सांगितलं, "नवीन घेतलं तर हलकं मिळेल. हे जुनं आहे पण दमदार. हा जुगार आहे."

"तुम्ही काय घेतलं असतं?"

"मी जुनं घेतलं असतं. पण माझ्याकडे ऐकायला माणूस होतं तेव्हा."

तिला काही कळलं नाही. म्हणाली, "जुनं घ्या."

शुक्रवारी सकाळी मशीन उभं राहिलं. दिवसभर चालवलं. गेम लावला, कार्डाला घाम फोडला. तापमान बघितलं, पंख्यांवर हात ठेवून बघितला. सगळं बरोबर. पण बरोबर आहे हे सांगणारं कोणी नव्हतं. मी कॅबिनेटला कान लावून बसलो. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, काय सांगतंय?" मी म्हटलं, तुझं काम कर.

संध्याकाळी सायली रिक्षा घेऊन आली. मी डबी काढली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता कुंकवात घोळून चिमूटभर वरून टाकल्या, देवाला टाकतो तशा. तिने मशीन मांडीवर आडवं घेतलं आणि गेली. मला रात्री जेवण गेलं नाही. डोक्यात ते कार्ड फिरत होतं.

शनिवारी दुपारी फोन आला.

"काका, बंद पडतंय. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत फट्‌कन बंद."

"कार्ड," मी म्हटलं. विचारही केला नाही. दुकानात पडलेलं एक साधं कार्ड घेतलं, एक जादा एसएमपीएस घेतला, रिक्षात बसलो. एलबीएस रोडवर नेहमीप्रमाणे ट्रॅफिक. मी रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, जरा दामट ना. तो म्हणाला, "उडवू का?"

घरी सायली आणि तिची आई. आईने मला आत घेतलं ते असं म्हणत, "या. ह्या पैशात डबल डोअर फ्रिज आला असता."

"आई, आता नको."

"मी काय बोलले? फ्रिज निदान चालू तरी राहतो."

मी मशीन जमिनीवर आडवं घातलं, पत्रा काढला. जुनं कार्ड काढून साधं लावलं. मशीन चालू केलं. छान चाललं. अर्धा तास हललं नाही. याचा अर्थ कार्ड गेलेलं आणि साध्या कार्डावर तिचा गेम रखडत चालणार. खात्री करायला जुनं कार्ड परत लावलं. तेही छान चाललं.

सायली म्हणाली, "म्हणजे ठीक झालं?"

मी पत्रा लावला, मशीन उभं केलं, टेबलाखाली सरकवलं. गेम चालू केला. थोड्या वेळाने फट्‌. बंद.

एसएमपीएस बदलला. आडवं ठेवून चालवलं, चाललं. उभं केलं, मेलं. आता चार वाजून गेले होते. घाईत स्क्रू सुटून सोफ्याखाली गेला. सायली पोटावर पालथी पडून तो शोधत होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आईनेही फ्रिजचं नाव काढणं बंद केलं होतं, ते तर जास्तच वाईट.

मी सायलीला म्हटलं, "कोणाकडे दुसरं मशीन मिळेल का बघ."

"कोणाकडे आहे काका? असतं तर घेतलं असतं का हे?"

मग मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. मशीन उभंच ठेवून चालू केलं आणि तापमान बघत बसलो. कार्ड थंड. कार्ड बिचारं बर्फासारखं. प्रोसेसर मात्र चढत होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून मशीन आपणहून बंद होतं. तेच होत होतं. पण पंखा तर नवा कोरा, आत्ताच आडवं असताना गरगर फिरताना मी बघितलेला.

सायली टेबलाखाली डोकं घालून बसली होती. म्हणाली, "काका, आत काहीतरी टिकटिकतंय."

"मला ऐकू येत नाही. नीट सांग. कसं?"

"बारीक. सायकलच्या चाकाला काडी लागल्यासारखं." मग थांबली. "आता बंद झालं."

"मशीन?"

"नाही. आवाज."

मशीन चालू आणि आवाज बंद, म्हणजे जे फिरत होतं ते थांबलं. मी मशीन बंद केलं. या वेळी आडवं केलं नाही. उभ्यानेच पत्रा काढला, मोबाइलची बॅटरी मारली. प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यात आणि कडेत एक तांदळाचा दाणा अडकला होता. लाल.

आईने वाकून बघितलं. "आमच्या घरात उंदीर नाहीत हां, सांगून ठेवते."

"उंदीर नाही," मी म्हटलं. "मी."

वरून जाळीचं कॅबिनेट. अक्षता टाकल्या त्या जाळीतून आत. टेस्टिंग आधी झालेलं, पूजा नंतर, म्हणून दुकानात काही कळलं नाही. रिक्षात मशीन आडवं गेलं, दाणे पसरले. उभं केलं की पंख्याच्या कडेवर येऊन बसायचे, आडवं केलं की घरंगळून जायचे. कार्डाचा काही संबंध नव्हता.

सायली म्हणाली, "तुम्ही पूजा केली होती याची?"

"बायको करायची. ती नाही आता. म्हणून मी केली."

आई म्हणाली, "तुम्ही आधी ते झटका. चहा टाकते."

मी आणि सायलीने कॅबिनेट उचलून उलटं केलं आणि हलवलं. फरशीवर आणखी दाणे पडले. आईने ते वेचले आणि तुळशीत टाकले. केरात नाही टाकले. पंखा बोटाने फिरवून बघितला, मशीन उभं केलं, गेम लावला. सायलीने कान लावला. "काही वाजत नाही काका." प्रोसेसरचं तापमान चढलं, मधेच थांबलं, तिथेच राहिलं. सहा वाजेपर्यंत मी उठलो नाही. ट्रायल सुरू झाली तेव्हा आईने मला बाहेरच्या खोलीत बसवलं. दोघं भिंतीकडे बघत बसलो. आत ती कोणाला तरी माइकवर ओरडून सांगत होती, "डावीकडे, अरे डावीकडे ना." मशीन बंद पडलं नाही.

दाराशी चपला घालताना आई म्हणाली, "चालतंय खरं. पण पाणी थंड करत नाही."

मी घरी पोचल्यावर फोन आला. सायलीला घेतलं होतं, पण राखीवमध्ये. कोणी आजारी पडलं तर खेळायचं, पगार अर्धा. मी विचारलं, "मशीनमुळे राखीव?" म्हणाली, "नाही काका. एक जण माझ्यापेक्षा चांगला होता." मग म्हणाली, "लाइट पुढच्या वर्षी लावू."

यातून शिकायचं ते एवढंच. ज्या पार्टची भीती असते तोच पार्ट माणूस आधी खोलतो, आणि बिघाड बहुतेक वेळा आपण विश्वासाने हात लावलेल्या जागी असतो. आणि वरून जाळी असेल तर पूजा बेताने करा.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. जाळीची कॅबिनेटं काही काल आली नाहीत. बायकोने असल्या कितीतरी मशीनींना अक्षता लावल्या. एकही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद असतं. मी सकाळीच गेलो, शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत शिरलो. बिलं करायला आमचं स्वतःचं मशीन आहे, तेही वरून जाळीचं. दसऱ्याला तिने त्याची पूजा केली होती. मी लाइट लावला आणि जवळ जाऊन बघितलं. जाळीवर काही नव्हतं. पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट होतं, ओलं करून लावलेलं, आता वाळून काळपट झालेलं. त्यात मधोमध एकच तांदळाचा दाणा दाबून बसवला होता.

मी नखाने खरवडून बघितलं. निघाला नाही. मग शटर पूर्ण वर केलं.