वऱ्हाडाला दर्या दाखवायचा नव्हता

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गोव्यात पार्सेला, आमच्या घरासमोरच्या मांडवात झालं. नवरामुलगा मूळचा अकोल्याचा, पण नोकरीला डिचोलीजवळच्या एका कारखान्यात. त्यामुळे वऱ्हाड खरोखरच्याच वऱ्हाडातून आलं आणि गाड्यांची वेळ जुळेना म्हणून लग्नाच्या बरंच आधी येऊन टेकलं. एप्रिल महिना, घामाच्या धारा, आणि मांडवाचं काम अजून अर्धवट. एवढी माणसं दिवसभर घरात बसली तर आमच्या भिंतींचे पोपडे बघत बसतील, या भीतीने बाबांनी ठरवलं की हळदीच्या दिवशी सकाळीच त्यांना फिरायला पाठवायचं. मी शाळेत शिकवते. वर्ग सांभाळते म्हणजे वऱ्हाडही सांभाळेन, असा हिशेब करून ते काम माझ्या गळ्यात आलं.

आदल्या संध्याकाळी बाबा सोप्यावरच्या कदेलीत बसले होते. खुर्चीला आमच्याकडे अजून कदेलच म्हणतात. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

“त्यांका खंय व्हया थंय न्हे. हरमलाक तेवडां न्हेव नको.”

“कित्याक?”

“कित्याक म्हणान इचारतंस? थंय माणसां कशी पडलली आसतत तां तुका म्हायत नाय?”

बाबांची भीती अशी की हरमलच्या किनाऱ्यावर उघडेवाघडे परदेशी बघितले की अकोल्याची मंडळी म्हणतील, असल्या गावची मुलगी आपण सून म्हणून नेतोय? लग्न आदल्या दिवशी मोडेल. शिवाय एखादा वाहून गेला तर? आणि तिसरी गोष्ट, जी त्यांनी बोलून दाखवली नाही पण मला ठाऊक होती. गोवा म्हटलं की बाहेरच्यांना बाटली आणि समुद्र एवढंच आठवतं, याचा बाबांना जन्मभर राग. व्याह्यांना देवळं दाखवावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी देवळं क्रमाने सांगितली, मधे चव बदलायला एक तलाव आणि एक धबधबा घातला, आणि निजायला गेले.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून उंडे देऊन गेला. वऱ्हाडी मंडळींना पोहे हवे होते, आणि समोर आला कडक पाठीचा गोल पाव. नवऱ्यामुलाच्या आत्याबाईंनी उंडा हातात घेऊन नारळ वाजवावा तसा बोटाने वाजवून पाहिला.

“हे फोडाचं कशानं, बाप्पा?”

या आत्याबाईंविषयी सांगायला हवं. उंच, काटक, पांढरेशुभ्र केस, सुती लुगडं, आणि डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा. नवऱ्यामुलाच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे नवऱ्यामुलाचे काका, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पण आत्याबाईंनी नुसतं वळून बघितलं तरी ते शर्टाची कॉलर सारखी करत. नवऱ्यामुलाचे आईवडील देवकार्यासाठी मागे राहिले आणि बाकीची मंडळी मिनीबसमध्ये चढली. आत्याबाई ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या, कारण तिथून समुद्र आधी दिसेल असं त्यांना वाटत होतं.

पहिला मुक्काम पेडण्याची भगवती. देवळासमोरचे हत्तींचे मोठाले पुतळे पाहून काका हरखले. त्यांनी प्रत्येक हत्तीबरोबर फोटो काढून घेतला, मग बायकोला उभं केलं, मग बायको काढून टाकून पुन्हा स्वतः उभे राहिले. आत्याबाई मनापासून पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, “झालं दर्शन. आता समुद्र?”

“आधी एक तलाव आहे,” मी म्हणाले.

मयेच्या तलावावर आत्याबाई उतरल्या, चष्मा सारखा केला आणि पाण्याकडे बघत राहिल्या.

“हा?”

“हा तलाव आहे, आत्याबाई. खूप सुंदर मानतात.”

“पलीकडचा काठ दिसते,” असं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्या.

काका-काकू पायांनी चालवायच्या बोटीत बसले. काका पुढे पाय मारत होते आणि काकू मागे, त्यामुळे बोट जागच्या जागी गोल फिरत राहिली. “उजवीकडे, उजवीकडे!” असं काका वर्गात ओरडावं तसं ओरडत होते. काकूंनी शेवटी पाय वर घेऊन मांडी घातली, तेव्हा कुठे ते काठाला लागले. त्यानंतर दुपारपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

हरवळ्याच्या धबधब्याचं वर्णन बाबांनी आदल्या रात्री जेवताना स्वतः केलं होतं. पाहुण्यांशी बोलताना ते शुद्ध पुस्तकी मराठी वापरत. “प्रचंड जलौघ कड्यावरून कोसळतो,” असं म्हणून त्यांनी हात वरून खाली आणला होता. ते वर्णन श्रावणातलं होतं. एप्रिलमध्ये कड्यावरून जी धार येत होती तिच्याखाली एका वेळी एकच बादली भरली असती. सगळे पायऱ्या उतरून आले आणि वर बघत उभे राहिले. शेवटी काका सौजन्याने म्हणाले, “स्वच्छ आहे.”

आत्याबाई म्हणाल्या, “अकोल्यात आमच्या गल्लीतला टँकर गळते, त्याची धार याच्याहून मोठी हाय.”

मग आम्ही नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वराचं देऊळ खरंच देखणं आहे, झाडीत, शांत. पण तोपर्यंत ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं, पोरं कुरकुरत होती, आणि मी देवळाचा इतिहास सांगायला सुरुवात केली तेव्हा ऐकायला फक्त काका उरले होते. आत्याबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. मी खिडकीशी गेले.

“येताय ना, आत्याबाई? फार जुनं देवस्थान आहे.”

“काऊन वं पोरी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “समुद्र बंद हाय का आज?”

वीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी म्हणाले, “हो. आज बंद आहे.”

ड्रायव्हर बांद्याकडचा, बिडी शिलगावत टायरला टेकून उभा होता. त्याला असा ठसका लागला की बिडी खाली पडली.

“ताई,” तो डोळे पुसत म्हणाला, “दर्या कसो बंद होतलो? तेका खंय दार आसा!”

आत्याबाईंनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे पाहिल्यावर मला वाटलं, आता काही खरं नाही. मी सगळं सांगून टाकलं. बाबांनी मना केलंय, तिथे परदेशी लोक कमी कपड्यांत असतात, तुम्हाला आवडणार नाही, सोयरिकीत वितुष्ट यायला नको. बोलता बोलता माझा आवाज रडवेला झाला. काका मधे येऊन म्हणाले, “ताई, जाऊ द्या ना, देवदर्शन तर छान झालं.” आत्याबाईंनी वळून बघितलं. काकांनी कॉलर सारखी केली.

मग त्या मला म्हणाल्या, “पाय पोरी. माह्या भाच्याले दोन ठिकाणं आलती. एक अमरावतीचं, एक तुमचं. सारे म्हणे अमरावती बरी, जवळ पडते. मीनंच म्हटलं, गोव्याची करा. पोरी दोन्ही चांगल्याच होत्या. पण अमरावतीले समुद्र नाई.”

बाबा ज्या समुद्रापायी लग्न मोडेल म्हणून धास्तावले होते, त्या समुद्रानेच ते जमवलं होतं. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांत त्याचं नाव कुठे नव्हतं, एवढंच.

“चला,” मी ड्रायव्हरला म्हणाले.

“खंय?”

“हरमलाक.”

गाडीत एकदम आरडाओरडा झाला. काका-काकूसुद्धा एकमेकांशी बोलू लागले.

हरमलच्या गल्लीत मिनीबस शिरेना. सगळीकडे भाड्याच्या स्कूटर आडव्यातिडव्या लावलेल्या. आम्ही उतरून चालत निघालो. दोन्ही बाजूंना रंगीत कपड्यांची, मण्यांच्या माळांची दुकानं, आणि आमची रांग डोक्यावर पदर घेऊन मधून चाललेली. किनाऱ्यावर पोचताच पहिलं दर्शन झालं ते डोक्यावर उलट्या उभ्या राहिलेल्या एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचं. कमरेला जेमतेम लंगोटी.

आत्याबाई थबकल्या.

“याले काय झालं?”

“योगासन करतोय.”

“कर बापा,” त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

थोडं पुढे एक परदेशी बाई पोहण्याच्या कपड्यात वाळूवर पालथी पडली होती. पाठ भाजून लालबुंद झालेली. आत्याबाई तिच्यापाशी वाकल्या, खांद्यावरचं सुती उपरणं काढलं आणि तिच्या पाठीवर पसरलं. “अवं बाई, पोळून जाशीन नं,” असं तिला रागावल्या. ती दचकून उठली. मी घाईघाईने इंग्रजीत माफी मागायला लागले, पण ती आत्याबाईंकडे बघून हसली, दोन्ही हात जोडले आणि उपरणं अंगाभोवती गुंडाळून आमच्याबरोबर चालू लागली. का, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि मग समोर पाणी आलं. आत्याबाईंनी चपला काढल्या. देवळात काढतात तशा, शेजारी शेजारी नीट ठेवल्या. पावलांवरून पहिली लाट गेली. मग त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थू थू करत ओरडल्या, “बाप्पा! खरंच खारट हाय की वं!”

“शाळेत शिकवतात ना, ताई,” काका म्हणाले.

“मले वाटे, उगंच सांगून राह्यले.”

त्यानंतर शिस्त सुटली. काकांनी पँट दुमडली, मग ती दुमडणं निरर्थक आहे हे लक्षात येऊन तसेच आत गेले. काकू किंचाळत त्यांच्या मागे. आत्याबाई सरळ पाण्यात बसल्या. लाट यायची, त्यांना मागे सरकवायची, आणि त्या पुन्हा पुढे सरकून बसायच्या. जीवरक्षक पोरगा शिट्टी फुंकत त्यांना मागे बोलवायला आला. “आजये, फाटीं यो, फाटीं!” आत्याबाईंनी त्यालाही पाण्यात बसायचं आमंत्रण दिलं. शेवटी त्या उपरण्यावाल्या बाईने त्यांचा एक हात घट्ट धरला, तेव्हा तो गेला.

हरमलला आईचा एक चुलतभाऊ खोल्या भाड्याने देतो. त्याने गच्चीवरून हे पाहिलं आणि बाबांना फोन केला, “तुमचां वऱ्हाड दर्यात पडलां मरे!” बाबांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मांडवातून उठून, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, ते स्कूटरवरून आले आणि वाळूतून धावत पाण्याच्या काठाशी पोचले. माझ्याकडे एकदाच बघितलं. ती नजर मी विसरणार नाही.

तेवढ्यात हाक आली. “इवाईबुवा! तिथं काऊन उभे? या!”

वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीच्या बापाला मुलाच्या आत्याने बोलावलं तर नाही म्हणता येत नाही. बाबांनी चपला, घड्याळ आणि फोन माझ्या हातात दिला. “आपण आनंद घ्या, मी येथूनच...” असं काहीतरी पुस्तकी पुटपुटत ते घोट्यापर्यंत गेले, मग गुडघ्यापर्यंत. तेव्हाच मोठी लाट आली आणि बाबांनी धडपडत आत्याबाईंचा मोकळा हात पकडला. दर्यापासून हाकेच्या अंतरावर जन्म गेलेला हा माणूस पोहू शकत नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

ते दृश्य असं होतं. मधे आत्याबाई, एका हाताला ती परदेशी बाई, जिचं उपरणं लाटेने कधीच खाली आणलं होतं, आणि दुसऱ्या हाताला माझे वडील. बाबा मान जराही न वळवता सरळ समोर बघत होते, जणू क्षितिजावर कोणी सत्यनारायण मांडला होता.

“कसं वाटून राह्यलं, इवाईबुवा?”

“उत्तम,” बाबा म्हणाले. पुढच्या लाटेला मात्र त्यांच्या तोंडून “आवयऽऽ!” निघालं, आणि आत्याबाई इतक्या हसल्या की पुन्हा खाली बसल्या.

हळदीला उशीर झाला. भटजी रागावले, आईने ओली वाळू झाडून झाडून अंगण भरून टाकलं, आणि कोणाला काही विचारायच्या भानगडीत पडली नाही. लग्न दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर लागलं.

पाठवणीच्या वेळी मात्र पंचाईत झाली. बहीण जाणार होती डिचोलीला. रविवारी जेवायला परत येणार होती. आमच्याकडच्या कोणाला रडूच येईना. आईने पदर डोळ्यांना लावला, पण तो कोरडाच राहिला. हुंदके देऊन रडल्या त्या एकट्या आत्याबाई, कारण त्यांना अकोल्याला परतायचं होतं. माझ्या आईनेच त्यांना जवळ घेऊन थोपटलं. नवरी बाजूला उभी राहून बघत होती.

बाबा पुढे झाले. “दिवाळी होऊन गेली की या,” ते म्हणाले. या वेळी पुस्तकी नव्हतं काही. “मी व्हरतंय तुमका दर्यार.”

आत्याबाई नोव्हेंबरात आल्या. एकट्या, पेडण्याच्या स्टेशनवर पिशवी घेऊन उतरल्या. भाचा स्टेशनवर घ्यायला गेला, तर त्यांनी त्याच्या घरी जायचं साफ नाकारलं. डिचोली म्हणे समुद्रापासून लांब पडते. महिना झाला, आमच्याकडेच आहेत. रोज सकाळी बाबा त्यांना स्कूटरच्या मागे बसवून हरमलला नेतात. बाबा अजून गुडघ्याच्या पुढे जात नाहीत. आत्याबाई मात्र कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून त्यांना पुढे या, पुढे या म्हणून रागावत असतात, आणि आता त्यांचं ऐकून दोनतीन गोरी माणसंही बाबांना हाका मारायला लागली आहेत.