बैलाच्या पसंतीचं विमान

माझं लग्न एका चेक लढाऊ विमानामुळे जमलं असं मी सांगू लागलो की बायको आत भांडी जोरात आपटते. तिच्या मते ते बैलामुळे जमलं. बैल तिच्या माहेरचा, तेव्हा तिचं म्हणणं सोडून देता येत नाही.

मी तेव्हा कनेरगाव नाक्याजवळच्या खेड्यात शाळामास्तर होतो. राज्य निजामाचं, लढाई युरोपात. एका फाटक्या साप्ताहिकात चेकोस्लोव्हाकियाच्या दुपंखी लढाऊ विमानाचं चित्र सापडलं आणि मी कामातून गेलो. मूळ विमान वीस हात रुंद, म्हणून माझी प्रतिकृती एक हात. सामान कडब्याचं. लेकरं ज्वारीच्या ताटांच्या बैलगाड्या करतात, तसे मी ताटं सोलून आतल्या पांढऱ्या भेंडाचे पंख कापले आणि बाभळीच्या डिंकाने चिकटवले.

त्याच दिवसांत मामा माझ्यासाठी सोयरीक जमवत होते. वसमतकडच्या एका हळदवाल्या शेतकऱ्याची मुलगी आम्ही पाहून आलो. मला ती इतकी आवडली की छत्री तिथेच विसरून आलो. आता होकार यायचा होता तो त्यांचा. नकार आला असता तर मुलगीही गेली असती आणि छत्रीही, कारण नुसती छत्री मागायला कोणत्या तोंडाने जायचं?

मामांनी मुलीच्या वडिलांना परस्पर सांगून टाकलं होतं, "पोरगं नुसतं मास्तर न्हाई, विमानं बनवतं."

"मंग घर पाहायला येतो तवा तेबी पाहू," पाहुणे म्हणाले.

ते यायच्या सकाळी मी रंगकाम काढलं. चित्र काळं-पांढरं, त्यामुळे अंगाचा रंग कळेना. हळदवाल्याचं मन राखावं म्हणून सगळीकडे हळद फासली. पंखावरच्या गोलात लाल, पांढरा आणि निळा रंग असतो असं चित्राखाली छापलं होतं. लालला कुंकू, निळ्याला कपड्यांची नीळ आणि पांढऱ्याला मामांच्या पानाच्या डब्यातला चुना. हळद ओली, चुना ओला. बोट फिरवीन तिथे लाल! पुसायला गेलो तर लाली शेपटापर्यंत पोचली. हळदीला चुना लागला की काय होतं हे मी वर्गात स्वतः शिकवलेलं होतं.

घाबरून मी ते कुंकवात लोळल्यासारखं विमान अंगणात कुडाच्या कुंपणावर वाळत टाकलं. तेवढ्यात पाहुण्यांचा छकडा आला. मामांनी त्यांचे बैल सोडून मोठ्या अगत्याने त्याच कुडाला बांधले. कडबा टाकायचं मात्र बोलण्याच्या नादात राहून गेलं.

चहा झाला. पाहुणे म्हणाले, "मास्तर, विमान कुठं हाय?"

"वाळून राहिलंय."

"विमान वाळतं व्हय? पापडावानी?"

हसत हसत आम्ही बाहेर आलो. एका बैलाच्या तोंडातून लालभडक लाळ गळत होती.

"अगा, माझ्या बैलाच्या तोंडातून रगत!" पाहुणे धावले. जबडा उघडून त्यांनी आत बोट घातलं, हुंगलं, आणि माझ्याकडे वळले. "ही तर हळद हाय. चुना लावला का काय?"

"व्हय."

"हळदीवर? काहून?"

"चेक सरकारचा तसा कायदा हाय," मी म्हणालो. बैलाने उरलेला पंख ओढून घेतला.

पाहुणे हसू दाबत होते, पण मामा गंभीर होते. "पाहुणे, पोराची म्हैन्याची मेहनत तुमच्या बैलानं खाल्ली."

पाहुण्यांचं तोंड उतरलं. "लई वंगाळ झालं. भरपाई काय द्यावं, सांगा."

"दुसरं काय मागावं आमी? मागायला आलो व्हतो तेच द्या."

पाहुण्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बैलाकडे. बैल डोळे मिटून रवंथ करत होता.

"हा माझा बैल लई चोखंदळ हाय," ते म्हणाले. "परक्या दारचा कडबा हुंगतबी न्हाई. त्याला घर पसंत, तर आमी न्हाई म्हणणारे कोण?"

लग्नात रुखवत पाहायला बायकांची गर्दी लोटली होती. लाडू आणि करंज्यांच्या मधोमध, मुठीला हळदकुंकू लावून, जावयाला दिलेली भेट म्हणून माझीच छत्री मांडून ठेवली होती.