जबल अख्दरसाठी विणलेला स्वेटर

मस्कतला आल्यावर पहिल्याच वर्षी मी स्वेटर विणला. अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये, एसी लावून, नाहीतर लोकर बोटांना चिकटायची. जबल अख्दर नावाच्या डोंगरावर कडाक्याची थंडी पडते असं वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीकर वहिनींनी सांगितलं होतं, आणि मी पाचगणीकडची. थंडीची मला माहेरासारखी आठवण यायची. जांभळा रंग, गळ्याशी पांढरं फूल. विणून झाला, डांबरगोळ्यांत ठेवला आणि सात हिवाळे तिथेच राहिला.

सहली होत नव्हत्या असं नाही. आमचे हे सहलींचे तज्ज्ञ. कुठला पेट्रोल पंप, कुठे चहा, कुठल्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढायचा, सगळं एक्सेलच्या तक्त्यात. सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली तेव्हा यांनी आठवडाभर बसून जुने सगळे तक्ते दुरुस्त केले. ओळखीतली निम्मी मराठी मंडळी यांच्या कागदावर डोंगर चढून आली. आम्ही मात्र पायथ्याशी. नमनालाच घडाभर तेल, पुढे नाटक नाही.

कारणं होती. पहिल्यांदा आमची लहान गाडी पायथ्याच्या चौकीवरून पोलिसांनी परत पाठवली, वर फक्त फोर-व्हील ड्राइव्हची गाडी जाते. हे यांना माहीत नव्हतं, असं यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी वहिनींनी त्यांच्या गाडीत जागा दिली, तर त्याच सकाळी यांची पाठ धरली. त्याच्या पुढच्या वर्षी वाटेवरच्या निझवा गावाचा किल्ला आणि बाजार इतका सावकाश दाखवला की अंधार पडला. मी तिथे एक मडकं विकत घेतलं आणि घरी येईपर्यंत मांडीवर घट्ट धरून बसले.

मग रागारागाने गाडी शिकले. इथलं लायसन्स म्हणजे गंमत नाही. आधी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची, मग चढावर थांबवून जराही मागे न घसरता पुढे काढायची. तीनदा नापास झाले. चौथ्यांदा चढावर गाडी अशी उभी राहिली की तपासणाऱ्या पोलिसाने लगेच शिक्का मारला.

मार्चमध्ये कायमचं परत जायचं ठरलं. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. मी सांगून टाकलं, फोर-व्हील भाड्याने घ्या, मी चालवते. यांनी मुकाट्याने गाडी ठरवली आणि तक्ता केला. आदल्या संध्याकाळी मी तो वाचला. माझ्या नावापुढे होतं: गाडी चालवणे, स्वेटर, थर्मास. यांच्या नावापुढे: खाली पेट्रोल पंपावर थांबणे, वाचन.

"वाचन?" मी विचारलं.

यांनी तक्त्याची घडी घातली. "मला घाटाची भीती वाटते," म्हणाले. "पहिल्यापासून."

तेव्हा मला आमचं लग्न आठवलं. वऱ्हाड कोकणातून घाट चढून आलं होतं आणि नवरदेव गाडीत डोक्यावरून शाल घेऊन झोपलेला. आमच्या मामांनी घरभर सांगितलं, मुलगा फार शांत आहे. डोंबलाचा शांत!

मला भयंकर राग आला. सात वर्षं डांबरगोळ्या बदलतेय मी. "अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा डोंगराचं नाव काढलं नसतंस."

हे खरं होतं, म्हणून आणखी राग आला. रात्री भाजीत मीठ जास्त पडलं. दोघांनी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. पुस्तक घेऊन हे उतरले, दार लावलं, दोन मिनिटं तिथेच उभे राहिले, पुन्हा दार उघडून आत बसले आणि पट्टा लावला. मी गाडी सुरू केली. चौकीवर पोलिसाने माझं लायसन्स पाहिलं आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये या, असं बजावलं. त्यानंतर यांनी जे डोळे मिटले ते मिटले. पण तक्ता पाठ होता. "आता डावीकडे दरी. फोटोसाठी जागा. पाच मिनिटं." मी थांबवायचे, बघायचे, पुन्हा चढायला लागायचे.

वर खरंच थंडी होती. वारा असा की कान दुखले. मी स्वेटर घातला, मान वर करून उभी राहिले आणि मागे वळून पाहिलं तर हे अर्ध्या बाहीच्या शर्टात, गाडीला पाठ लावून कुडकुडताहेत. खाली थांबणाऱ्या माणसाच्या रकान्यात गरम कपडे नव्हतेच.

मी स्वेटर काढून यांना घातला. जांभळा, फुलासकट. पोटावर ताणला गेला, पण बसला. मग मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाचगणीची ती थंडी, तशीच अंगात शिरली.

"आता उतरायचं," हे हळूच म्हणाले. "शाल आणलीयेस का गं?"

शाल तक्त्यात नव्हती. यांनी तोच स्वेटर डोक्यावर ओढून घेतला. मी माझ्या बाजूची काच खाली केली आणि खालच्या गिअरमध्ये, कुडकुडत, नवरदेवाला घाटाखाली आणलं.